अकरा मीटर

५ जानेवारी, मंगळवार

रेषा हलवली. अकरा मीटर.

दोन मिनिटंही लागली नाहीत. स्क्रीनवर रस्त्याची लाल पट्टी धरली, खाली ओढली, सोडली. बस्स! जेवणाची सुट्टी होती, सगळे खाली गेले होते. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं — बाई काम करताहेत.

पूर्वेच्या नव्या वस्तीपासून इस्पितळापर्यंतचा रस्ता. अठरा मीटर रुंद. सरळ आखला की मधल्या गल्लीत दोनच गोष्टींवरून जातो — एक बंद पडलेलं गोदाम आणि त्याला लागून ताईचं घर. अकरा मीटर खाली घेतला की गोदाम वाचतं, ताईचं घर वाचतं, आणि गल्लीपलीकडची सहा घरं जातात.

ती सहा घरं कुणाची, मला माहीत नाही. नकाशावर सहा करडे चौकोन आहेत. ताईचं घरही करडा चौकोनच. पण त्या चौकोनात जिन्याची कितवी पायरी उंच आहे, ते मी डोळे मिटून सांगेन.

ताईनं काही मागितलेलं नाही. तिला माहीतच नाही. हे लिहून ठेवते — उद्या सगळं तिच्यावर ढकलावंसं वाटलं तर वाचायला.

६ जानेवारी, बुधवार

रेषा वाकवली की ‘कारण’ या रकान्यात काहीतरी भरावं लागतं. तासभर तो रिकामाच. शेवटी लिहिलं — ‘जुनी विहीर, जतन आवश्यक.’

ताईच्या परसात विहीर नाही. कधीच नव्हती. कपडे वाळत घालायची तार आहे आणि कुंड्या आहेत.

९ जानेवारी, शनिवार

ताईकडे गेले. गच्चीवर खुरपं घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, “आलीस चिंगे? ती माती तेवढी ओत.” पन्नाशी उलटली माझी, तरी चिंगीच!

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ताई अठराची. तिनं कॉलेज सोडलं आणि टेलिफोन ऑफिसात लागली. माझ्या फिया, माझे कपडे, माझा ताप — सगळं तिनं काढलं. भाऊजींशी लग्न ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, धाकटी सोबत येईल. ते हसून म्हणाले होते, “मग घरच बांधू की, खोली कशाला?” आणि खरंच बांधलं, पण ते उभं राहिलं तेव्हा मी शिकायला वसतिगृहात होते; तिथे राहिले ती सुट्टीपुरतीच. भाऊजी जाऊन आता चार वर्षं झाली. ताई त्या घरात एकटी असते, पण एकटी म्हणवत नाही.

माती ओतताना मनात म्हणत होते — हे कसं पाडू? कुणी पाडलं असतं?

पण मग मी तिच्याकडे बघू का शकले नाही?

१४ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी शहराच्या नव्या विकास आराखड्याच्या अहवालातलं पहिलं प्रकरण माझ्याकडे दिलं. ‘आराखडा कशासाठी?’ आमच्या नगररचना खात्याचे हे प्रमुख, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. कमी बोलतात, पण कागद परत करण्यात पटाईत. माझा पहिला मसुदा दोन तासांत परत आला. वर शेरा — ‘हे मराठी आपण आपल्यासाठीच लिहितो. शेजारणीला समजेल असं लिहा.’

‘सर्वंकष’, ‘दीर्घकालीन’, ‘नियोजनबद्ध’ — खोडले. खोडल्यावर पानावर काही उरलंच नाही!

१५ जानेवारी, शुक्रवार

आज मात्र लिहिलं. एका बैठकीत. नक्कल इथे ठेवते, कारण हे लिहिताना मी खरंच खरं बोलत होते.

“घर बांधायचं तर आपण आधी कागदावर चार रेघा मारतो — पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठे जाईल, दार कुठे. शहराला मात्र कुणी विचारत नाही. ते वाढतच जातं. गेल्या वीस वर्षांत आपली पूर्वेची वस्ती आठपट झाली. शाळा दोनाच्या तीन झाल्या. इस्पितळाकडे जाणारी गल्ली तेवढीच राहिली, पाच मीटर. मागच्या आराखड्यात तिथे मोठा रस्ता होता. तो कुणासाठी इथे वाकवला, कुणासाठी तिथे, आणि शेवटी झालाच नाही. गेल्या वर्षी एक बाळंतीण त्या गल्लीत रुग्णवाहिकेतच गेली. पुढे भाजीची गाडी होती, मागे रिक्षांची रांग. दोष कुणाचाच नव्हता. म्हणजे आपल्या सगळ्यांचा होता.

आराखडा वीस वर्षांचा असतो, कारण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ती माणसं अजून जन्मलेली नाहीत. त्यांना हरकत घ्यायला येता येत नाही. म्हणून त्यांच्या शाळेची, मैदानाची, पाण्याची जागा आज राखून ठेवायची. आणि आराखडा कागदावर असतो, सगळ्यांसमोर असतो, कारण ज्याची ओळख आहे आणि ज्याची नाही, त्या दोघांची घरं नकाशावर सारखीच दिसली पाहिजेत.”

शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१८ जानेवारी, सोमवार

साहेबांनी ते प्रकरण सगळ्या कार्यालयाला वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायला उठून गेले ती परतलेच नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

रस्ते विभागाचे इंजिनिअर आले होते. गडगडाटी माणूस, बोलले की तिसऱ्या टेबलाला ऐकू जातं. “मॅडम, हा मध्येच काय साप आडवा गेला? शिडीवाला बंब इथे वळणार नाही हो! दोनदा मागे-पुढे करावा लागेल.”

“विहीर आहे तिथे. जुनी.”

“किती जुनी?”

“बरीच.” मग आपोआप तोंडातून निघालं — “दगडी आहे. आत पायऱ्या आहेत.”

पायऱ्या! रकान्यात विहीर होती, आज पायऱ्या आल्या. उद्या पाणीही लागेल तिला. ते मान डोलावत गेले. आगीच्या वेळी दोनदा मागे-पुढे, म्हणजे किती मिनिटं? मी हिशेब करणार होते. केला नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

अहवाल बांधणीला गेला. साठ प्रती. आमचा नेहमीचा बाइंडर घ्यायला आला. शिडशिडीत, कानावर पेन्सिल, बोटांना कायम खळीचा वास. तीस वर्षं आमचे सगळे अहवाल तोच बांधतो. गठ्ठा उचलताना म्हणाला, “या खेपेला कापडी पुठ्ठा घालतो मॅडम. वीस वर्षं वापरायचं पुस्तक आहे.”

पावतीवर पत्ता लिहून दिला त्यानं. तो पत्ता मी तीस वर्षांत कधी वाचला नव्हता. आज वाचला.

ताईची गल्ली. पलीकडची बाजू. चौथं घर.

म्हणजे मी त्याचं घर पाडायचा कागद त्याच्याच हातात दिला, आणि तो त्याला कापडी पुठ्ठा घालणार आहे.

२९ जानेवारी, शुक्रवार

त्याला थांबवायला हवं होतं. रेषा अजूनही परत सरकवता आली असती. सकाळी फोन उचललासुद्धा. मग वाटलं — कारण काय सांगू? ठेवून दिला.

१ फेब्रुवारी, सोमवार

प्रारूप आराखडा प्रसिद्ध. नकाशे दिवाणखान्याएवढे, खालच्या सभागृहात भिंतीभर लावलेत. पंचेचाळीस दिवस हरकती घ्यायच्या. लोक नाक लावून लावून आपलं घर शोधतात. सापडलं की बोट ठेवून हसतात, सगळेच! जणू शहराला ते ठाऊक आहेत याचाच आनंद.

३ फेब्रुवारी, बुधवार

बाइंडर आला. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

चपला दाराबाहेर काढल्या. म्हणाला, “मॅडम, चाळिसाव्या पानावर माझं घर आहे.”

“हो. बसा ना.”

“बसत नाही. मी पहिलं प्रकरण वाचलं. बांधताना मी वाचत नाही कधी, पण हे वाचलं. मंडळीलाही वाचून दाखवलं. ती बाळंतीण आमच्याच गल्लीत गेली मॅडम, मी स्वतः गाडी ढकलत होतो. रस्ता हवाच. शेजारचे तंडायला निघाले होते, मीच म्हटलं, थांबा, ही माणसं विचार करून करतात.”

मी तरीही खुर्ची पुढे सरकवली.

“फक्त एक विचारू? मी तीस वर्षं कागदाच्या कडा कापतोय. सरळ नसलेली कड मला लांबून दिसते. हा रस्ता सगळीकडे सरळ आहे, आमच्यापाशीच वाकलाय. का ते कळलं तर शेजाऱ्यांना सांगता येईल.”

“विहीर आहे,” मी म्हटलं. “समोरच्या घरात.”

ते घर त्याच्या डोळ्यांसमोर बांधलं गेलंय! मग सावकाश म्हणाला, “असेल. तुम्ही म्हणता म्हणजे असेल.”

चपला घालून गेला. ‘असेल’ म्हणाला. थुंकला असता तरी इतकं लागलं नसतं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

रजा. डोकं दुखतंय असं सांगितलं. खरंच दुखत होतं, एवढंच आज खरं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

त्या सहा घरांकडे गेले. ताई या वेळी वाचनालयात असते हे बघून गेले — चोरासारखी! एवढी वर्षं या गल्लीत येतेय, पण कायम एकाच बाजूला वळलेय. दुसऱ्या बाजूला तोंड करून कधी उभीच राहिले नव्हते.

पहिल्यात घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा. दुसऱ्यात दोघी बहिणी, शिवणकाम करतात, दोन्ही मशिनं खिडकीशी. तिसऱ्यात कुलूप, पण दोरीवर लहानग्यांचे मोजे. चौथ्यात बाइंडर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात कागद कापायचं यंत्र आहे, ओतीव लोखंडाचं, त्याच्या वडिलांनी जमिनीत पुरून बसवलेलं. मला बघून बाइंडरची बायको बाहेर आली. “मॅडम ना तुम्ही? हे सांगतात तुमच्याबद्दल. या की आत!”

मापं घ्यायला आलेय असं सांगितलं. तिनं टेपचं दुसरं टोक धरलं.

आपलं घर पाडायला टेप धरून उभी राहिली ती बाई. “नीट लागलं ना?” असंही विचारलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. हसत होती. “अगं चिंगे, गंमत ऐक! काल एक गुरुजी आले होते. इतिहास शिकवायचे म्हणे शाळेत. हातात बॅटरी, गळ्यात कॅमेरा. म्हणे, ‘तुमच्या परसातली पायऱ्यांची विहीर बघायची आहे.’ मी म्हटलं, काका, इथे बादलीभर पाण्याला महाग आहे, विहीर कुठली! तरी बिचारे सगळ्या कुंड्या हलवून बघून गेले. म्हणाले, बुजवली असेल. सरकारी पुस्तकात लिहिलंय म्हणे.”

मी म्हटलं, “चुकून छापलं असेल.”

“कोणतं पुस्तक गं? तुमचंच ना?”

“हो. बघते मी.”

मग, “बरं. बघ.” फोन बंद. ताई ‘ठेवते हं’ म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाही. नोकरीची सवय आहे तिची.

२८ फेब्रुवारी, रविवार

गेले ताईकडे. विहिरीचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही. कुंड्या परत जागच्या जागी लावल्या होत्या. निघताना म्हणाली, “वाळलीस. पुढच्या रविवारीही ये.”

७ मार्च, रविवार

गेले. तसंच. जिन्यात पाठीवर हात ठेवला तिनं. मी पायातल्या चपलेशीच खेळत राहिले.

९ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. १८ आणि १९ ला जाहीर सुनावणी. “रस्त्यांचा भाग तुम्हीच मांडा.”

“साहेब, दुसरं कुणी...”

“का? तुम्हीच आखलेत ना?” चष्मा काढून पुसला, परत घातला. “या रस्त्याबद्दल काही सांगायचंय का आधी?”

दार बंद होतं. खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ कुठली!

“नाही,” म्हटलं.

१८ मार्च, गुरुवार

सभागृह गच्च. रस्त्याची हरकत दुपारी आली.

गुरुजी पहिले उठले — हरकत घ्यायला नव्हे, अभिनंदन करायला! “ज्या कार्यालयाने एका विहिरीसाठी रस्ता वाकवला, त्याला मी वंदन करतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. “मला ती सापडली नाही, पण म्हणून ती नाही असं थोडंच आहे? उत्खनन करा. मी स्वतः घमेली उचलेन.” सत्तरीचा माणूस, डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. माझ्या थापेवर जीव जडलाय त्यांचा!

मग बाइंडर. कागद आणला होता, पण वाचला नाही. “विहिरीसाठी जात असेल तर जाऊ दे. विहीर पुन्हा बांधता येत नाही, आम्ही दुसरीकडे राहू. फक्त एकदा आम्हाला ती दाखवा. सहा घरांची माणसं येतील, बघतील, नमस्कार करतील आणि निघतील. एवढंच.”

मला उत्तर द्यायचं होतं. उभी राहिले. माईकमधून माझाच श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले — “स्थळपाहणी करून कळवण्यात येईल.”

‘कळवण्यात येईल’! शेजारणीला समजेल असं लिहिणारी मी!

तो बाइंडर हात जोडून बसला. बायको शेजारी होती. तिनं मला ओळख दिली, मान हलवून.

निघताना साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या अकराला परत बसतोय. काही भर घालायची असेल तर घाला.”

१९ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

पहाटेच ठरलं होतं असं वाटलं, पण जिने चढताना ते तीनदा मोडलं. शेवटी अकरा वाजता साहेबांनी विचारलं, “कालच्या रस्त्यावर कुणाला काही?” आणि माझा हात वर गेला. सभागृहातल्या माणसासारखा हात वर केला मी! मंचावर बसून!

मी म्हणाले, “विहीर नाही. कधीच नव्हती. ती मी लिहिली. मूळ रेषा सरळ होती, माझ्या बहिणीच्या घरावरून जात होती. मी ती अकरा मीटर खाली ओढली. कुणी सांगितलं नाही, बहिणीला माहीत नाही. रेषा सरळ करावी. माझी चौकशी करावी.”

एवढंच पाठ केलं होतं. पुढे काय करायचं ते ठरवलंच नव्हतं. उभीच राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, “कुंपणच शेत खातंय!” आणखीही काय काय. ते बरोबरच होतं. गुरुजी खाली बसले, टोपी मांडीवर घेऊन, तिच्याकडेच बघत. त्यांचं मला फार लागलं.

बाइंडरजवळ गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, “मॅडम, आता समोरच्या बाईंना कोण सांगणार?”

सहा घरं वाचली म्हणून नाचेल असं वाटलं होतं मला. त्याला समोरच्या बाईंची काळजी. म्हणाला, “आमची आई आजारी होती तेव्हा रात्रीचा फोन त्यांनीच लावून दिला होता, ड्यूटीवरून.”

साहेबांनी सांगितलं, चौकशी लागेल, आराखड्याच्या कामातून बाजूला व्हावं लागेल. सोमवारी कागद सोपवायचे. रागावले नाहीत. थकलेले दिसले.

२० मार्च, शनिवार

ताईकडे. दारातच सांगून टाकलं, आत जायची हिंमत नव्हती. तुझं घर जाणार. मी वाचवत होते, खोटं बोलून, सहा जणांची घालवून. काल सगळ्यांसमोर कबूल केलं. घर जाणार ताई.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हात मातीचे होते, ते पदराला पुसले. एकच विचारलं — “विहिरीचंही सांगितलंस?”

“हो.”

“आपणहून?”

“हो.”

मग ती पायरीवर बसली. बराच वेळ घराकडे पाठ करून गल्लीकडे बघत होती. मी रडत होते, ती नव्हती. शेवटी म्हणाली, “आत ये. दारात उभं राहून रडायला तू काय पाहुणी आहेस?”

मला वाटलं, तिला अजून नीट कळलेलं नाही. कळेल तेव्हा तोडेल मला.

२२ मार्च, सोमवार

कागद सोपवले. हरकतींची फाइल मोजून द्यायची होती, म्हणून एकेक अर्ज उलटत गेले. एकशे सतरावा ताईच्या अक्षरात. तारीख २४ फेब्रुवारी.

“माझ्या घराच्या आवारात विहीर नाही व नव्हती. सबब ज्या कारणासाठी रस्ता वाकवला आहे ते कारण खोटे आहे. तो सरळ करावा, मग माझे घर जात असले तरी. माझी धाकटी बहीण आपल्या कार्यालयात आहे. तिला आत्ता विचारू नये, ही विनंती. ती स्वतः सांगेल. तिला मी वाढवले आहे.”

समासात साहेबांचा शेरा, लाल शाईत, २५ फेब्रुवारीचा. एकच शब्द —

‘थांबावे.’